एस्पोसितो ते जेमितो : इटलीतील आडनावांची अनाम वंशावळ

आडनाव ही माणसाला जन्मासोबत मिळणारी ओळखीची पहिली खूण. ते उच्चारताच बोलणाऱ्याचे गाव, घराणे, कधी व्यवसाय, तर कधी पूर्वजाच्या अंगचा एखादा गुण ऐकणाऱ्याच्या ध्यानी येतो. पुणेकर, नागपूरकर ही आडनावे गाव सांगतात. कुलकर्णी, देशपांडे ही वतन सांगतात. इटलीतील आडनावांची घडण याहून फार निराळी नाही. रोमानो म्हणजे रोमचा, जेनोवेझे म्हणजे जेनोव्हाचा. फेरारी हे लोहाराच्या व्यवसायावरून आलेले, तर रोस्सी हे तांबूस केसांच्या किंवा वर्णाच्या पूर्वजावरून पडलेले नाव. दि जोव्हान्नी, दे लुका यांसारख्या आडनावांत थेट पित्याचेच नाव गुंफलेले असते. परंतु याच देशात आडनावांचा असा एक मोठा वर्ग आहे, की जो नेमके उलटे सांगतो : या माणसाचे गाव ठाऊक नाही, घराणे ठाऊक नाही आणि पिताही ठाऊक नाही.

एस्पोसितो, प्रोयेत्ती, इन्नोचेंती, त्रोवातो, इंचेर्ती ही त्या वर्गातील काही आडनावे होत. इटलीत आडनावांची संख्या तीन लाखांहून अधिक असल्याचे मानले जाते. इतके वैविध्य युरोपातील फार थोड्या देशांत आढळते. या प्रचंड संग्रहातील काही अत्यंत प्रचलित आणि काही अत्यंत दुर्मिळ आडनावांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते. ते ठिकाण म्हणजे अनाथालयाच्या भिंतीत बसविलेला लाकडी फिरता पाळणा.

भिंतीतला पाळणा

इटालियन भाषेत या पाळण्याला ‘रुओता’, म्हणजे चाक, असे म्हणत. रचना अगदी साधी. रस्त्याच्या बाजूने भिंतीत एक खिडकीवजा पोकळी आणि तीत उभ्या आसाभोवती फिरणारे लाकडी पिंप. बाहेरच्या व्यक्तीने अर्भक त्यात ठेवायचे, पिंप फिरवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे. आत बसलेली सेविका मूल उचलून घेई. ठेवणाऱ्याचा चेहरा तिला दिसत नसे आणि तो दिसू नये, हाच या रचनेचा हेतू होता. या प्रथेचा आरंभ परंपरेने रोममधील सांतो स्पिरितो रुग्णालयाशी आणि पोप तिसरा इनोसंट याच्याशी जोडला जातो. तायबर नदीत कोळ्यांच्या जाळ्यांत मृत अर्भके सापडू लागल्याने व्यथित होऊन पोपने ही सोय करविली, अशी आख्यायिका आहे.

टाकलेली सर्व मुले अनौरस असत, असा समज सार्वत्रिक असला तरी तो पूर्ण खरा नाही. अविवाहित मातेला समाजात थारा नव्हता, हे कारण मोठे होतेच. पण दुष्काळ, मजुरी तुटणे, आईचा मृत्यू, आधीची चार तोंडे या कारणांनी विवाहित दांपत्येही आपले मूल पाळण्यात ठेवीत. पुढेमागे दिवस पालटले तर ते परत मिळावे या आशेने मुलाच्या कपड्यांत अर्धे मोडलेले नाणे, अर्धे पदक, फितीचा तुकडा असे काही खोचून ठेवण्याची पद्धत होती. उरलेला अर्धा भाग आईजवळ राही. फ्लॉरेन्सच्या अनाथालयाच्या संग्रहालयात अशा अर्ध्या खुणा आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी बहुतेकींचा दुसरा अर्धा भाग घेऊन कोणी कधी आले नाही.

आत गेलेल्या मुलाचा बाप्तिस्मा होई, त्याला नाव दिले जाई. प्रश्न उरे तो आडनावाचा.

शहरागणिक निराळी खूण

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शहराने आपापल्या परीने दिले आणि त्यामुळेच आजही आडनावावरून मूळ शहराचा अंदाज बांधता येतो.

नेपल्समध्ये आनुंत्सियाता या चौदाव्या शतकातील धर्मसंस्थेत येणारी मुले ‘मादोन्नाची लेकरे’ म्हणून ओळखली जात. त्यांच्या गळ्यात शिशाचा बिल्ला अडकविला जाई आणि नोंदवहीत आडनाव लिहिले जाई ‘एस्पोसितो’. लॅटिन ‘एक्स्पोसितुस’, म्हणजे बाहेर ठेवलेला, यावरून हा शब्द आला. शतकानुशतके हजारो मुलांना हेच एक आडनाव मिळाल्याने आज ते संपूर्ण इटलीतील पहिल्या दहा आडनावांत गणले जाते आणि त्याची सर्वाधिक दाटी नेपल्स व भोवतालच्या कांपानिया प्रांतात आहे. बोलोन्यात त्याच शब्दाचे रूप ‘देल्यी एस्पोस्ती’ असे झाले.

रोमच्या सांतो स्पिरितोमध्ये शब्द वापरला गेला तो ‘प्रोयेत्ती’. त्याचा अर्थ अधिक कठोर आहे : फेकलेले. रोमच्या रंगभूमीवर व चित्रपटांत अर्धशतकाहून अधिक काळ गाजलेले नट जीजी प्रोयेत्ती (१९४०-२०२०) यांच्यामुळे हे आडनाव इटलीत घरोघर पोहोचले. ते ऐकताना आता कोणाला त्याचा मूळ अर्थ आठवतही नसेल.

फ्लॉरेन्सने तुलनेने हळुवार शब्द निवडला. तेथील रेशीम व्यापाऱ्यांच्या श्रेणीने १४१९ मध्ये ब्रुनेलेस्की या थोर वास्तुविशारदाकडून बांधावयास घेतलेले अनाथालय हेरोद राजाने मारविलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणार्थ ‘इन्नोचेंती’ या नावाने ओळखले जाते. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी तेथे पहिली मुलगी दाखल झाली. संत आगाताच्या दिवशी आली म्हणून तिचे नाव आगाता स्मेराल्दा ठेवण्यात आले. पुढे १४८७ च्या सुमारास आंद्रेआ देल्ला रोब्बियाने या इमारतीच्या कमानींवर निळ्या पार्श्वभूमीवर दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांच्या गोलाकार मूर्ती बसविल्या. फ्लॉरेन्सला जाणारा प्रवासी त्या कौतुकाने पाहतो. तस्कानी प्रांतात भेटणाऱ्या इन्नोचेंती, देल्यीन्नोचेंती आणि नोचेंतीनी या आडनावांच्या माणसांचे नातेही बहुधा त्याच कमानींशी जुळते.

मिलानमध्ये १४५६ साली फ्रांचेस्को स्फोर्त्झाने स्थापलेल्या ओस्पेदाले माज्जोरे या रुग्णालयाचे बोधचिन्ह कबुतर होते. कबुतर म्हणजे ‘कोलोंबा’. म्हणून टाकलेले मूल ‘कोलोंबो’. १८२५ पर्यंत ही पद्धत चालू होती आणि लोंबार्दी प्रांतात आज कोलोंबो हे आडनाव अग्रभागी असण्याचे हेच मुख्य कारण आहे. श्रीलंकेतील कोलंबो शहराचा या शब्दाशी काही संबंध नाही, आणि जेनोव्हाच्या ख्रिस्तोफर कोलंबसाचे आडनाव तर या प्रथेहून स्वतंत्रपणे रूढ झालेले होते. एकच शब्द निरनिराळ्या मार्गांनी आडनाव बनू शकतो, ही सावधगिरी या शास्त्रात पदोपदी बाळगावी लागते.

व्हेनिसची रीत आणखी निराळी. तेथील पिएता अनाथालयात मुलींना संगीत शिकविले जाई. १७०३ पासून आंतोनियो विवाल्दी तेथे व्हायोलिनचा शिक्षक होता. या मुलींना आडनाव नसेच. त्यांच्या वाद्यावरूनच त्या ओळखल्या जात. ‘आन्ना मारिया दाल व्हियोलीन’, म्हणजे व्हायोलिनवाली आन्ना मारिया, हिची कीर्ती युरोपभर पसरली होती. वंश हिरावला गेलेल्या मुलीला कलेने नाव दिले, असे याबाबतीत म्हणता येईल.

याखेरीज सिसिलीत ‘त्रोवातो’ (सापडलेला), एमिलियात ‘इंचेर्ती’ (अनिश्चित पितृत्वाचा), मध्य इटलीत ‘दियोताल्लेवी’ (देव तुला वाढवो), रोमान्यात ‘कासादेई’ (देवाचे घर) अशी आडनावेही याच परंपरेशी जोडली जातात. अर्थात, ही आडनावे धारण करणारे प्रत्येक घराणे अनाथालयातूनच आले, असे मात्र नाही.

शहरातून खेड्याकडे

मुले शहरात टाकली जात असताना ही आडनावे खेडोपाडी कशी पसरली, असा प्रश्न साहजिक पडतो. त्याचे उत्तर दुधात आहे. बाटलीच्या दुधाची सुरक्षित सोय नसलेल्या त्या काळात शेकडो अर्भकांना पुरेशा दाया शहरात मिळणे अशक्य होते. त्यामुळे प्रथमोपचारासारखे काही दिवस आत ठेवून मुलाला मोबदल्यावर खेड्यातील एखाद्या दूधआईकडे पाठविले जाई. जी मुले वाचत, त्यांतील अनेक त्याच शेतकरी कुटुंबात मोठी होत, तेथेच मजुरी करीत, तेथेच संसार थाटत. अशा रीतीने मिलानचा कोलोंबो भोवतालच्या गावांत रुजला, फ्लॉरेन्सचा नोचेंतीनी अपेनाइनच्या डोंगराळ खोऱ्यांत पोहोचला आणि नेपल्सचा एस्पोसितो कांपानियाच्या किनाऱ्यावर व आतल्या भागात पसरला. आडनावांचा आजचा नकाशा हा एका अर्थी त्या काळातील दायांच्या गावांचा नकाशा आहे.

‘जी मुले वाचत’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. अनाथालयांतील बालमृत्यूचे प्रमाण भयावह होते. अनेक संस्थांत निम्म्याहून अधिक मुले पहिल्या वर्षातच दगावत. म्हणजे आज दिसणारा प्रत्येक एस्पोसितो वा प्रोयेत्ती हा वाचलेल्यांचा वारस आहे. जे वाचले नाहीत त्यांची आडनावे नोंदवहीतच राहिली.

दयेतून जन्मलेली दुर्मिळता

एस्पोसितो हे आडनाव मूल आयुष्यभर कपाळी घेऊन फिरे. शाळेत, सैन्यात, विवाहाच्या बोलणीत ते उच्चारताच जन्माची कथा उघड होई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नेपोलियनच्या प्रभावाखाली युरोपात नागरी नोंदणीची नवी व्यवस्था येत असताना, या अन्यायाची जाणीव राज्यकर्त्यांना होऊ लागली. नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा हा १८०८ ते १८१५ या काळात नेपल्सचा राजा होता. त्याच्या कारकिर्दीत टाकलेल्या मुलांना सरसकट एस्पोसितो हे आडनाव देण्यास मनाई करण्यात आली. मिलानमध्येही १८२५ नंतर कोलोंबो बंद झाले.

येथून या कहाणीला अनपेक्षित वळण मिळते. सर्वांना एकच आडनाव द्यायचे नाही, तर प्रत्येकाला निराळे द्यायला हवे; आणि कोणा प्रतिष्ठित घराण्याचे देऊन वाद ओढवून घ्यायचा नाही, तर ते नवेच घडवायला हवे. हे काम पडले नोंदणी कारकुनावर. मग झाडे, फुले, महिने, ऋतू, त्या दिवशीचे हवामान, इतिहास-पुराणांतील पात्रे यांवरून आडनावे रचली गेली. काही ठिकाणी वर्णक्रमाने अक्षर ठरवून त्या अक्षराने सुरू होणारे शब्द जुळवले गेले. कधी ही निर्मिती सुंदर उतरे, कधी निरर्थक. परंतु एक गोष्ट निश्चित झाली : इटलीच्या आडनावांच्या संग्रहात अशा शेकडो नव्या शब्दांची भर पडली, की जे त्या क्षणी जगात फक्त एका जीवाचे आडनाव होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे शिल्पकार व्हिंचेंत्सो जेमितो. जुलै १८५२ मध्ये नेपल्समध्ये जन्मलेले हे बाळ लगेचच आनुंत्सियाताच्या पाळण्यात ठेवले गेले. त्याला दिलेले आडनाव होते ‘जेनितो’, म्हणजे जन्मलेला. नोंद करताना एका अक्षराची चूक झाली आणि ‘जेनितो’चे ‘जेमितो’ झाले. इटालियन भाषेत जेमितो म्हणजे कण्हणे, विव्हळणे. एका कारागिराच्या गरीब कुटुंबाने वाढविलेला हा मुलगा पुढे एकोणिसाव्या शतकातील इटलीचा अग्रगण्य शिल्पकार झाला. नेपल्सच्या रस्त्यावरील मुले हाच त्याच्या कलेचा आवडता विषय होता. १८७७ च्या पॅरिस सलोनमध्ये त्याच्या ‘कोळ्याचा पोर’ या ब्राँझ शिल्पाने खळबळ उडवून दिली. पुढे मानसिक आजाराने त्याला अनेक वर्षे एकांतात घालवावी लागली. त्यातून तो सावरला आणि १९२९ मध्ये नेपल्समध्येच निवर्तला. ‘जेमितो’ हे आडनाव कोणत्याही गावावरून आले नाही, की कोणत्याही भाषिक परिवर्तनातून आले नाही. ते एका पाळण्यात आणि एका लेखणीच्या टोकाशी जन्मले.

सामान्य वाचकाला असे वाटते, की दुर्मिळ आडनाव म्हणजे प्राचीन, कुलीन घराणे. प्रत्यक्षात अनेकदा त्याच्या अगदी उलट असू शकते. दुर्मिळ आडनावाच्या मुळाशी सरदाराचा वाडा असेल, तसाच बेनाम अर्भकाचा पाळणाही असेल.

संख्या काय सांगते?

आडनावांच्या अभ्यासात एक मूलभूत भेद केला जातो : अनेक मूळपुरुषांचे आडनाव आणि एकाच मूळपुरुषाचे आडनाव. रोस्सी हे पहिल्या प्रकारचे. तांबूस केसांची माणसे गावोगाव असल्याने ते असंख्य ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले. एस्पोसितोही त्याच प्रकारचे, कारण पाळण्यात आलेल्या दोन मुलांचे एकमेकांशी काहीही नाते नसे. म्हणून दोन एस्पोसितो एकमेकांचे भाऊबंद असण्याची शक्यता कोणत्याही दोन नेपल्सकरांइतकीच. याउलट, ज्या आडनावाची मोजकीच माणसे आणि तीही एखाद्याच खोऱ्यात दाटलेली आढळतात, ती बहुधा एकाच पूर्वजाची संतती असते.

हा भेद केवळ शब्दकोशकारांच्या कुतूहलाचा नाही. पित्याकडून पुत्राकडे जाणारे आडनाव आणि त्याच मार्गाने जाणारे वाय गुणसूत्र यांचा प्रवास समांतर असतो. हे हेरून लुईजी लुका काव्हाल्ली-स्फोर्त्सा (१९२२-२०१८) या ख्यातनाम आनुवंशशास्त्रज्ञाने आंतोनियो मोरोनी या धर्मगुरू-संशोधकाच्या साहाय्याने पार्माच्या खोऱ्यातील चर्चच्या जुन्या नोंदवह्या अभ्यासल्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाह-बाप्तिस्म्याच्या नोंदींना शिस्त लावल्यामुळे इटलीत अशी साधने विपुल आहेत. डोंगरातील लहान गावांत थोडीच आडनावे वारंवार येतात, मैदानातील शहरांत विविधता वाढते आणि त्याच प्रमाणात आनुवंशिक मिश्रणही बदलते, असे या संशोधनातून दिसून आले. टेलिफोनच्या याद्यांतील लाखो नावेही पुढे याच कामी आली.

दुर्मिळ आडनावांपुढे आणखी एक संकट असते, ते म्हणजे नामशेष होण्याचे. फ्रान्सिस गाल्टन आणि वॉटसन या इंग्रज अभ्यासकांनी १८७४ मध्ये ते गणिताच्या भाषेत मांडले. आडनाव केवळ मुलग्यांकडून पुढे जात असेल, तर लोकसंख्या स्थिर असूनही कालांतराने बहुतेक आडनावे योगायोगानेच लोप पावतात. कारण प्रत्येक पिढीत काही पुरुषांना मुलगा होत नाही. मोठ्या आडनावाला हा फटका जाणवत नाही. एकाच माणसापासून सुरू झालेले आडनाव मात्र पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच मिटू शकते. अनाथालयात घडविलेली किती आडनावे अशी विरली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

सागरापार

१८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख इटालियन नागरिकांनी देशांतर केले. अमेरिका, अर्जेंटिना आणि ब्राझील ही त्यांची प्रमुख ठिकाणे. दक्षिणेतून गेलेल्यांत एस्पोसितो असणे ओघानेच आले. अर्जेंटिनात मात्र एक गुंतागुंत आहे. स्पेनमध्येही टाकलेल्या मुलांना ‘एक्स्पोसितो’ हे आडनाव देत. त्यामुळे ब्यूनस आयर्समधील एखाद्या एस्पोसितोचा पूर्वज नेपल्सच्या पाळण्यातला की स्पेनमधल्या, हे कागदपत्र पाहिल्यावाचून सांगता येत नाही. डेन्मार्कमध्ये जन्मलेले अमेरिकी नट जानकार्लो एस्पोसितो, कॅनडातील आइस हॉकीपटू फिल एस्पोसितो ही नावे पाहिली, की एका गल्लीतील भिंतीचा शब्द किती दूर गेला, हे ध्यानी येते.

न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर (१८९२-१९५४) अधिकाऱ्यांनी स्थलांतरितांची आडनावे मनाला येतील तशी बदलली, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. वस्तुतः तेथील अधिकारी प्रवाशांना जहाजाच्या यादीवरून ताडून पाहत आणि ती यादी प्रस्थानाच्या बंदरावरच तयार होई. आडनावांचे बरेचसे बदल त्यानंतर शाळेत, कारखान्यात किंवा स्वेच्छेने घडले.

कायदा आणि हक्क

पाळण्यांची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरू लागली. फेराराने १८६७ मध्ये, मिलानने १८६८ मध्ये, तर नेपल्स व फ्लॉरेन्सने १८७५ मध्ये ती बंद केली. १९२३ मध्ये ती देशभर रद्द झाली. परंतु कलंक कागदावर उरलाच. ओळखपत्रावर पित्याचे नाव लिहावे लागे आणि ज्याचा पिता अज्ञात, त्याच्यापुढे ‘एन. एन.’ ही दोन अक्षरे पडत. १९५५ च्या कायद्याने दस्तऐवजांवरून माता-पित्यांची नावे वगळण्यात आली, तेव्हा कोठे ती अक्षरे पुसली गेली. आजचा नियम २००० सालच्या अध्यादेशात आहे : ज्या बालकाचे माता-पिता अज्ञात आहेत, त्याला जन्माची कथा सूचित करणारे नाव वा आडनाव देता येत नाही, तसेच ऐतिहासिक महत्त्वाचे किंवा त्या गावातील प्रसिद्ध घराण्याचे आडनावही देता येत नाही. एस्पोसितोच्या पाच शतकांतून शिकलेला धडा या एका कलमात सामावला आहे.

प्रश्न मात्र संपलेला नाही. इटलीत आजही मातेला आपले नाव न नोंदविता रुग्णालयात प्रसूत होण्याचा हक्क आहे आणि ती नोंद शंभर वर्षे गोपनीय राहते. आपले मूळ जाणण्याचा अपत्याचा हक्क आणि अनामिक राहण्याचा मातेचा हक्क यांतील संघर्ष २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल इटलीच्या विरोधात लागला. त्यानंतर २०१३ मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने मधला मार्ग काढला : अपत्याच्या विनंतीवरून न्यायालय मातेला गुप्तपणे विचारू शकते, की तिला अजूनही अनामिकच राहायचे आहे काय? तिचा नकार असेल तर दार बंदच राहते. भिंतीतल्या पाळण्याची जागा काही रुग्णालयांत व चर्चमध्ये ऊबदार, गजर जोडलेल्या आधुनिक पाळण्यांनी घेतली आहे.

दरम्यान २०२२ मध्ये घटना न्यायालयाने आपोआप पित्याचेच आडनाव लावण्याची पद्धत घटनाबाह्य ठरविली. आता माता-पित्यांनी अन्यथा ठरविले नाही, तर मुलाला दोघांची आडनावे मिळतात. मुलीबरोबर संपणारे दुर्मिळ आडनाव यापुढे तिच्या अपत्यांतही जगू शकेल. गाल्टनच्या गणिताला कायद्याने दिलेले हे उत्तर म्हणावे लागेल.

आडनावाचा मागोवा घेणारे बहुतेक लोक कोणा पराक्रमी पूर्वजाच्या शोधात निघतात. इटलीतील अनेकांचा शोध मात्र एका तारखेशी, एका शिशाच्या बिल्ल्याशी आणि फितीच्या तुकड्याच्या वर्णनाशी येऊन थांबतो. त्यापलीकडे वाट नाही. तरीही त्या नोंदीचे मोल कमी नाही. कोणीतरी त्या रात्री घंटा ऐकली, मूल उचलले आणि त्याला एक शब्द दिला. तो शब्द पुढच्या पिढ्यांनी प्रतिष्ठेने मिरवला, यातच त्या अनाम वंशावळीचे खरे मोठेपण आहे.